राजाला घर द्यायचं की नाही

आमच्या घरी बुद्धिबळ देशी पद्धतीनं चाले. समोरच्या राजाला शह नाही, पण हलायलाही जागा नाही, अशी जिच करायची नाही. चुकून झालीच, तर करणाऱ्यानं आपली चाल परत घ्यायची आणि राजाला एक घर मोकळं करून द्यायचं. वडिलांनी मला असंच शिकवलं होतं.

दिग्रसला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून लागले, त्या हिवाळ्यात वाचनालयात सामने झाले. पहिला येईल तो जिल्ह्याच्या सामन्याला यवतमाळला जाणार होता. मला जायचंच होतं. शेवटचा डाव एका वकिलाशी पडला. गुणांत तो जरासा पुढे, म्हणून मला जिंकणं भाग होतं. त्याचा राजा कोपऱ्यात, जोडीला एक अडकलेलं प्यादं. माझा वजीर मोकळा. घाईत वजीर सरकवला आणि जिच झाली. सवयीनं तो मागे घ्यायला गेले, तर वकिलानं पटावर पंजा आडवा ठेवला. म्हणाला, आता विलायती नियम, जिच म्हणजे बरोबरी. पंचांनीही मान डोलावली.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सगळं सैन्य गमावलेला माणूस बरोबरीत कसा? आणि हे डावाआधी सांगायला यांची जीभ झडली होती?

घरी वडिलांपुढे तोच डाव मांडला. ते म्हणाले, राजावर शहच नाही, तर मात कशी म्हणणार? चाल तर त्याची आहे आणि चालायला काहीच नाही, मग डाव तिथंच थांबणार. ते पटलं. राग मात्र गेला नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा तोच वकील समोर आला. या खेपेला गुणांत मी पुढे, बरोबरी मला पुरेशी होती. त्यानं माझं सगळं मारत आणलं, आणि राजाला कोंडता कोंडता त्याच्याच वजिरानं जिच केली. मी हात मांडीवर ठेवले आणि बरोबरी म्हटलं. वकिलानं शांतपणे वजीर उचलला.

"बाई, आपल्या इकडं घर देतेत. घ्या, मी वजीर मांगं घेतो."

मी पंचांकडे पाहिलं. ते म्हणाले, रीत तर आहेच.

"मंग मांगच्या साली मले काहून नाही देलं?"

वकिलानं वजीर मागच्या घरात नेऊन ठेवला. त्यानं दिलेल्या घरात मी राजा ठेवला नाही. पंचांनी डाव त्याच्या नावावर केला, आणि यवतमाळची मोटार त्यानंच पकडली.