अर्लीन टॉलिव्हरची साक्ष

अर्लीन टॉलिव्हर ज्या गल्लीत वाढली, तिच्या मधोमध वॉर्डाची हद्द जायची. समोरासमोरची कृष्णवर्णीयांची घरं दोन वॉर्डांत वाटली गेली होती आणि दोन्हीकडे त्यांची मतं कमी पडत, त्यामुळे त्यांचा माणूस नगरपरिषदेवर कधीच निवडून येत नसे. असं का, हा प्रश्न मनात घेऊनच ती राज्यशास्त्राची प्राध्यापक झाली. वंश आणि शहरांचं राजकारण हा तिचा जन्मभराचा विषय. "हे शास्त्र नाही, वस्तीचं रडगाणं आहे," असं विभागातले सहकारी म्हणत. ती ऐकून घ्यायची आणि अभ्यासासाठी पुढचं शहर गाठायची.

तिचे केस पिकले तेव्हा गल्लीतल्या लोकांनी त्या हद्दीविरुद्ध नगरपरिषदेवर खटला भरला आणि तिला कोर्टात साक्षीला बोलावलं. नगरपरिषदेच्या वकिलानं विचारलं, "बाई, तुम्ही त्याच गल्लीतल्या. मग तुमचं म्हणणं निःपक्ष कसं मानायचं?"

"प्रश्न मला त्या गल्लीत सुचला, साहेब," अर्लीन शांतपणे म्हणाली. "उत्तर मात्र जिथे मला कुत्रंही ओळखत नाही, अशा शहरांत जाऊन शोधलं. हद्द जिथे जिथे अशी आखली, तिथे हेच घडलं."

वकील खाली बसला. न्यायाधीशांनी हद्द बदलायला लावली आणि पुढच्याच निवडणुकीत गल्लीतली निवृत्त नर्स डेल्फीन नगरपरिषदेवर गेली.

चर्चच्या तळघरात मेजवानी झाली. गल्लीतल्या म्हाताऱ्या रूबेल मावशीनं अर्लीनच्या ताटात तळलेला मासा वाढला. "पोरी, एवढी पुस्तकं लिहिलीस, मला एक ओळ कळली नव्हती," ती म्हणाली. "आज सगळी कळली."

अर्लीन इतक्या मोठ्यानं हसली की डेल्फीन भाषण थांबवून बघत राहिली.