रूळ उचललेली वाट

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून माझा मुलगा सुहास बंद पडलेल्या नॅरोगेज मार्गावरून बोट फिरवीत होता. रूळ उचलून नेल्यावर उरलेल्या त्या वाटेने सायकलवर जायचे आणि झोपण्याची सोय असलेली गाडी मुक्कामाला जुन्या स्थानकांपाशी उभी करायची, हा बेत मूळचा माझा. आगगाडीला चढ सोसत नाही, म्हणून तिची वाट डोंगरालाही सावकाश वळसा घालते. म्हाताऱ्या गुडघ्यांना याहून दयाळू वाट नाही.

"बाबा, तुम्ही ड्रायव्हरबरोबर पुढे व्हा," सुहास म्हणाला.

"आणि माझी सायकल?"

"गाडीमागच्या कॅरियरवर दोनच सायकली बसतात हो," सून म्हणाली. "तुमच्यासाठी घडीची आरामखुर्ची घेतलीय की!"

दोघे हसले. त्या हसण्यात दुष्टावा नव्हता, आणि तेच अधिक लागले. रूळ आधी निरुपयोगी ठरतात, मग निमूटपणे उचलले जातात. वाटेचे कौतुक त्यानंतर सुरू होते.

"बरे," मी म्हणालो. "मुक्कामावर पोचून मी करायचे काय?"

"आम्ही येईपर्यंत चहा टाका," सुहास म्हणाला.

"दोघांचाच हं, बाबा," सुनेने आठवण करून दिली. "तुम्हांला दुपारनंतर बाधतो."