नऊसारखा दिसणारा एक

इथे परदेशात, टॅला नावाच्या उपनगरात, आमच्या वाणसामानाच्या दुकानासमोर गाडी लावून माल उतरवायची जागा होती. आमच्या नगरसेविकेने ती काढून तिथे बसस्टॉप आणि बाक आणला. तेव्हापासून तांदळाची पोती मी कोपऱ्यावरून वाहून आणते. घाऊक व्यापाऱ्यांना मी घाम फोडते, पण ही बाई एक इंच हलली नाही. म्हणून निवडणुकीत मी तिच्या विरोधातल्या उमेदवाराचं काम धरलं. जागा परत आणायचं त्याने कबूल केलं होतं.

इथे स्थानिक निवडणुकीत मत द्यायला नागरिक असावं लागत नाही, राहत असलं की पुरे. सासूबाईंचं नाव मीच नोंदवून घेतलं. त्यांना सवय बटण दाबायची. इथे कागद, पेन्सिल आणि नावांपुढे पसंतीचे आकडे.

"आई, आपल्या माणसापुढे एक घाला," मी बजावलं.

"आपला माणूस कोण ते बघते मी. तू चहा ठेव."

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी मतमोजणीला मी आमच्या उमेदवाराची प्रतिनिधी म्हणून उभी होते. शंकेच्या मतपत्रिका अधिकारी सगळ्या प्रतिनिधींना दाखवून निकालात काढत होता. त्याने एक उचलली. "नऊ, दोन, तीन. पहिली पसंतीच नाही. बाद."

तो नऊ नव्हता. सासूबाईंनी डब्यांवर लावलेल्या चिठ्ठ्यांवर रोज बघते तो शेपटीवाला मराठी एक होता. दोन आणि तीन दोन्हीकडे सारखेच दिसतात, म्हणून अडकला तो एकच. आणि तो होता नगरसेविकेच्या नावापुढे. माझ्या माणसाला तीन.

"ग्रँड, ठीक आहे, जाऊ दे," नगरसेविकेचाच प्रतिनिधी म्हणाला. त्या सभागृहात तो आकडा वाचता येणारी मी एकटी. फक्त गप्प राहायचं होतं.

पण अधिकारी कागद बाजूला ठेवताना हसला. "मोजायला नवापासून सुरुवात," तो म्हणाला, आणि माझं डोकं फिरलं. सासूबाईंना काही येत नाही असं घरात मी हजारदा म्हणते. ते म्हणायचा हक्क याला कुणी दिला?

"तो एक आहे," मी म्हणाले. "आमच्या लिपीतला."

"मतपत्रिका कुणाची, हे तुम्हाला माहीत आहे का?"

"ते विचारू नका. मतदाराची ओळख पटेल अशी खूण असली की मत बाद, हा कायदा तुमचाच. मी आकड्याबद्दल बोलतेय."

आमच्या उमेदवाराने माझी बाही ओढली. "तू नक्की कुणाच्या बाजूची?"

अधिकाऱ्याने फोनवर आमचे आकडे काढले, कागदाशी ताडून पाहिले आणि मत ग्राह्य धरलं. नगरसेविका निवडून आली. तिला त्या एका मताची गरजही पडली नाही.

संध्याकाळी कोपऱ्यावरून पोतं घेऊन आले, तर सासूबाई रोजच्यासारख्या शेजारणीबरोबर बसस्टॉपच्या त्याच बाकावर. दुपारपासून दोघी तिथेच असतात. एकमेकींची भाषा येत नाही, तरी गप्पा संपत नाहीत.

"कोण आलं गं?"

"तुमची."

त्यांनी पदर सारखा केला. "माझी कशावरून?"

"आई, इथला एक नुसता उभा दांडा असतो. शेपूट नसते त्याला."

त्यांनी शेजारणीला कोपराने ढोसून सरकवलं, स्वतःही सरकल्या. "ते पोतं ठेव इथे," त्या म्हणाल्या. "आणि बस."