मोतीबाईनं उधळलेला भंडारा

शेजारणीची म्हैस व्याली तरी मोतीबाईला ठसका लागायचा. "रेडाच झाला असंल," असं आधी म्हणायची आणि मग पाटीभर गवत घेऊन बघायला जायची. कळमनुरीच्या अलीकडे, कयाधूकाठच्या हटकर धनगरांच्या वाडीत तिचा हा स्वभाव सगळ्यांना पाठ होता. पण खरी आग लावली ती तिच्या धाकट्या जावेनं, भिकाबाईनं. तीही मेंढरं धुऊन.

निजामाच्या अमलातली गोष्ट. वाडीची रीत अशी, की दिवाळीनंतर मेंढरं कातरायची, लोकरीचे ढीग देवळापुढं मांडायचे आणि त्यातली सगळ्यात चांगली लोकर खंडोबाच्या घोंगडीला घ्यायची. चंपाषष्ठीला त्या नव्या घोंगडीवर तळी उचलतात. जिची लोकर, तिच्या नवऱ्याचा हात तळीला पहिला. लोकर निवडायची दगडूमिया पिंजाऱ्यानं. सगळी वाडी एकमेकांची सोयरी. दगडूमिया तेवढा कुणाचाच मेहुणा नव्हता.

सासू गेल्यापासून हा मान मोतीबाईचा. तिचा ढीग सगळ्यात मोठा असायचा. नवरा उकंडराव मेंढवाड्यातच कातर चालवायचा, लोकर लेंड्यांवर पडायची, सराट्याच्या काट्यांसकट उचलली जायची.

"लोकर म्हंजी लोकर," मोतीबाई म्हणायची. "देव काय सराटे येचत बसतो?"

मग पुसेगावाहून भिकाबाई लग्न होऊन आली. कातरणीच्या आधी तिनं मेंढरं नदीवर नेली आणि एकेक पाण्यात घालून रिठ्यानं चोळायला लागली. मोतीबाई काठावर, कमरेवर हात.

"काहून गं भिके, न्हाऊ घालून राहिली? सासरी धाडायचंय का त्यास्नी?"

"न्हाई, बाई. माती अंगावरच धुतली की लोकर मोकळी निघती. आमच्या माहेरी असंच करत्यात."

"तुज्या माहेरी काजळबी घालत असतील!"

भिकाबाई खळखळून हसली. मोतीबाईला शिवी चालली असती. हसणं नाही चाललं. भिकाबाईनं मेंढरं खडकावर वाळवली, जुनी घोंगडी अंथरून तिच्यावर कातरून घेतली, पोटाची आणि पायांची राठ लोकर बाजूला काढली. उरला तो ढीग एवढासाच.

दगडूमियानं आधी मोतीबाईच्या ढिगात हात घातला आणि चटकन बाहेर काढला. बोटात सराटा.

"मोतीभाभी, ये लोकर है की बाभूळ?"

मग भिकाबाईच्या ढिगात हात कोपरापर्यंत गेला. "या अल्ला! मख्खन!"

त्या चंपाषष्ठीला तळीला पहिला हात लागला धाकट्या दिराचा. उकंडरावानं भावासाठी सगळ्यात मोठ्यानं येळकोट केला. घरी त्याला कोरडी भाकरी मिळाली.

"अगं, कालवण?"

"जावा की भावाच्या घरी. तिथं मख्खन हाय."

वर्षभर मोतीबाई धुमसली. पुढच्या कातरणीला भिकाबाईची मेंढरं न्हाऊन-वाळून उभी होती, दिरानं कातर उचललीच होती, तेवढ्यात मोतीबाई आली. ठेवणीतलं लुगडं, हातात शिगोशीग भरलेलं भंडाऱ्याचं ताट. देवाच्या भंडाऱ्याला कुणी नको म्हणत नाही. आणि अंगावर पडला की तो धुवायचा नाही, आपोआप झडू द्यायचा, ही वाडवडिलांची रीत. मोतीबाईनं सगळा हिशेब त्यावरच मांडला होता.

"भिके, तुज्या मेंढरांस्नी दिष्ट लागायला नको गं! येळकोट येळकोट!"

मुठीवर मूठ. नुसती उधळण नाही, लोकर फाकवून पार कातड्यापर्यंत चोळणं. शेवटी उकंडराव ओरडला, "अगं, पुरं की! मेंढरं हायेत का भजी?"

भिकाबाई पिवळ्या कळपाकडे बघत राहिली. मग तिनं हात जोडले. "माझ्या मेंढरांसाठी तुमी केवढी तकलीफ घेतली, बाई."

हे खरं बोलली की टोमणा मारला, ते मोतीबाईला कळेना. रात्रभर कळेना.

देवळापुढं दगडूमियानं पिवळा ढीग बघून दाढी खाजवली. "हात से नहीं समझता. पिंज के देखना पडेगा."

आधी मोतीबाईची लोकर. ठण्, ठण्, आणि कट्! सराटा लागून पिंजायच्या धनुकलीची तात तुटली. दगडूमियानं नवी तात चढवली. मग भिकाबाईची. पहिल्याच ठोक्याला भंडाऱ्याचा ढग उठला. दगडूमियाची दाढी पिवळी, टोपी पिवळी, देवळाची पायरी पिवळी. आणि खाली लोकर फुलली ती काळीभोर, कचऱ्याचा कण नाही.

खंडोबाचा म्हातारा वाघ्या उभाच राहिला. "येळकोट! भंडारा लोकरीतनं उठला! देवानं आपली घोंगडी आपणच निवडली!"

बायका त्या लोकरीच्या पाया पडायला धावल्या. एकीनं मोतीबाईचा हात धरला. "तुमच्याच हातचा भंडारा! केवढं मन म्हणावं, बाई!"

मोतीबाईला हसावं लागलं. दाढी झटकत दगडूमिया तिच्यापुढं आला. "भाभी, घरवाली पूछेगी, किस की हल्दी में नाच के आया. क्या बोलूँ?"

तिसऱ्या वर्षी, तांबडं फुटताच, मोतीबाई आपली मेंढरं घेऊन नदीत उभी. बरोबर भिकाबाईच्या वरच्या अंगाला.

"बाई, तुमचं गढूळ पाणी माझ्या मेंढरांवर येऊन राहिलं!"

"नदी काय तुज्या बापानं पुसेगावाहून आणली?"

भिकाबाई तिच्या वर गेली. मोतीबाई तिच्या वर. असं करता करता दोघी पुढच्या गावाच्या पाणवठ्यावर पोचल्या आणि तिथल्या बायकांनी दोघींना हाकलून लावलं. ही शर्यत बघून वाडीतल्या बाकीच्याही मेंढरं घेऊन नदीत उतरल्या. मागं कोण राहील?

उकंडराव घोंगडी अंथरून कातरायला बसला, तर समोरून भिकाबाई. हातात भंडाऱ्याचं ताट.

मोतीबाई हात पसरून मेंढरांपुढं आडवी झाली. "न्हाई! हात लावू नको!"

साऱ्या कातरी थांबल्या.

"बाई, देवाचा भंडारा हाय."

"कशाचा हाय ते मला ठावं हाय!"

"कशाचा?" भिकाबाईनं शांतपणे विचारलं.

मोतीबाईनं ताटाकडे बघितलं. सांगावं तर गेल्या सालचं आपलंच उघडं पडणार. सगळे बघत होते. ती बाजूला झाली. "टाक. पर हळू."

भिकाबाईनं म्होरक्या मेंढ्याच्या कपाळाला चिमूटभर लावला आणि ताटावर पदर झाकला. "बास, बाई. लोकर पिवळी व्हायला नको."

त्या साली दगडूमियाचा हात मोतीबाईच्या ढिगात कोपरापर्यंत गेला. "इस साल का मख्खन इधर," तो म्हणाला. चंपाषष्ठीला उकंडरावानं तळी उचलली. मोतीबाई सगळ्यांत पुढं उभी होती, पण डोळे देवाकडे नव्हते. भिकाबाई टाळ्या वाजवून येळकोट करत होती. हरून हसते कशी ही? मोतीबाईच्या गळ्याखाली प्रसाद उतरेना. शेवटी तिनं जावेला कोपऱ्यात गाठलं.

"काहून हसून राहिली गं? तुला काहीच वाटत न्हाई?"

भिकाबाईचं हसू थांबलं. तिनं घोंगडीकडे बघितलं, मग मोतीबाईकडे.

"वाटतं की. लोकर निवडली त्या दिसापासून भाकरी ग्वाड लागंना."

"खरं?"

"देवाशपथ. पुढल्या साली बघतेच तुमास्नी."

तेव्हा कुठं मोतीबाईनं प्रसादाचा घास गिळला.

"बघ बघ," ती म्हणाली, आणि द्रोणातला अर्धा भरीत-रोडगा जावेच्या हातावर ठेवला.