तळाचा नमुना

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या घाऊक बाजारात, वीरभद्र तूर चावून बघणारे म्हणून ओळखले जात. एका डाळ मिलचे खरेदीदार. वय अठ्ठावन्न, बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत, आणि धंद्यातलं खरं भांडवल तेच. पोत्यात हात घालायचा तो कोपरापर्यंत, कारण पोत्याच्या तोंडाशी माल चांगलाच असतो. तळातला दाणा काढून ते दाढेखाली धरत. टकन फुटला तर कोरडा, दबला तर ओला. ओल्या मालावर त्यांचे दोनच शब्द असत, "न्हाई जमत". एवढं बोलून ते पुढच्या पोत्याकडं वळत, आणि त्या निकालावर मिलमालकही अपील करत नसे.

हा माणूस संध्याकाळी कॉम्प्युटरवर गेम खेळतो, हे मोंढ्याला माहीत नव्हतं. मुलगी नोकरीला पुण्याला गेली, तिचा कॉम्प्युटर मागं राहिला. त्यात वीरभद्रांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सहा आठवडे पलंगावर गेले आणि नाद लागला. त्यांच्या पत्नी नीलाबाई शेजारणींना सांगत, "या वयात लोक पोथी धरतात, आमच्यांनी बंदूक धरलीय."

गेम विकत घेण्याची रीतही मोंढ्याचीच होती. वर्षाला एक, दिवाळीच्या सुमाराला. ज्या वेबसाइटवरून गेम घ्यायचे तिचा नियम होता, दोन तासांच्या आत आवडला नाही तर परत. लोकांना हा नियम फार उदार वाटे. वीरभद्रांच्या लेखी तो पोत्याच्या तोंडाचा नमुना होता. दोन तास कुणीही चांगलं वागतं. तळाला काय आहे ते सांगायला माणूस लागतो, आणि तो माणूस होता गफूर.

गफूर नांदेडचा. कॉलेजात असताना दोघं तिथं एका खोलीत राहिले होते. आता नांदेडच्याच इतवारा भागात गफूरचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि जग मोबाइलवर किती वाजले ते बघू लागल्यापासून त्याला दिवसभर बरीच सवड असे. नवा गेम आला की तो आधी शेवटपर्यंत खेळायचा आणि मग फोन करायचा. घे, किंवा नको. 'घे' असला की संध्याकाळी दोघं आपापल्या गावातून ऑनलाइन जोडीनं खेळत. आठ वर्षांत त्याचा निकाल एकदाही चुकला नव्हता. उभ्या आयुष्यात वीरभद्रांनी न चावता घेतलेल्या गोष्टी दोनच. एक बायको, ती वडिलांच्या शब्दावर. दुसरा गफूरचा शब्द.

यंदाच्या गेमची दोघांनी उन्हाळ्यापासून वाट पाहिली होती. एक शिडाचं जहाज आणि त्यावर दोन माणसं. एकानं सुकाणू धरायचं, एकानं शीड सांभाळायचं. एकट्याला खेळताच येत नाही, अशी रचना. सुकाणू वीरभद्रांनी आधीच मागून घेतलं होतं. दसऱ्याला गेम आला आणि पाचव्या दिवशी गफूरचा फोन.

"नको घेऊ, वीरभद्रा. वरवर चमक हाय. तळाचा माल पोकळ."

वीरभद्रांना हळहळ वाटली, पण भाषा ओळखीची होती. त्यांनी दोन तासांचा नमुनाही घेतला नाही. दिवाळी गेमविना गेली. जुनाच काहीतरी खेळू म्हटलं, तर संध्याकाळी गफूर सापडेना. लग्नसराई हाय, गिऱ्हाईक वाढलंय, असं तो सांगे. मित्राचा धंदा सावरला म्हणून वीरभद्रांना बरंच वाटलं.

जानेवारीत नवी तूर बघायला ते नांदेडला गेले. काम दुपारपर्यंत आटोपलं. फोन न करताच ते इतवाऱ्यात पोचले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. गफूर उठून गळ्यात पडला आणि समोरच्या हॉटेलातून चहा आणायला स्वतः धावला.

काउंटरमागं कॉम्प्युटर चालू होता. पडद्यावर एक जहाज बंदराला लागलेलं होतं. वरच्या कोपऱ्यात आकडा होता, एकशे त्रेचाळीस तास. खाली जोडीदाराचं नाव, चन्नबसप्पा, उदगीर.

चन्नबसप्पाही खरेदीदारच, पण उदगीरच्या मिलचा. तूर चावत नाही, लांबून बघतो आणि घेतो. अशा माणसाबद्दल वीरभद्रांचं मत वेगळं सांगायला नको. तरी दोन वर्षांपूर्वी त्याचं घड्याळ बंद पडलं तेव्हा त्यांनीच त्याला गफूरकडं धाडलं होतं, आपला माणूस हाय म्हणून.

गफूर दोन ग्लास घेऊन आला. त्यानं पडद्याकडं पाहिलं आणि चहा काउंटरवर ठेवला.

"एकशे त्रेचाळीस तास," वीरभद्र म्हणाले. "पोकळ मालात."

गफूर आधी लग्नसराईबद्दल थोडं बोलला, मग थांबला. डोळ्याला लावायचं भिंग तो रुमालानं पुसत राहिला.

"तू खेळत न्हाईस यार, तपासतोस. मागच्या गेमात एक पूल ओलांडायला अकरा दिवस लागले आपल्याला. तू त्याची लाकडं बघून राहिला होतास. उदगीरचा अप्पा काही बघत न्हाई. शीड सोड म्हणतो, मी सोडतो."

"मग तसं सांगायचं."

"तुला 'न्हाई जमत' म्हणता येतं. म्हणतोस आन पुढच्या पोत्याकडं जातोस. मला न्हाई येत."

गफूरला दुसरा जोडीदार भावला, हे वीरभद्रांना एक वेळ गिळता आलं असतं. पण खोटं त्यानं त्यांच्याच शब्दांत सांगितलं होतं. ओला माल कोरडा म्हणून खपवणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. कोरडा माल ओला म्हणून सांगणारा हा पहिलाच, आणि त्यासाठी त्यानं आठ वर्षं चोख तोललं होतं. चहा समोर होता म्हणून त्यांनी घेतला. मग लातूरची एसटी धरली.

रविवारी दुपारी त्यांनी गेम विकत घेतला.

दोन्ही जागा भरल्याशिवाय जहाज हलत नव्हतं. तोवर धक्क्यावर फिरता येई, वर चढून सुकाणू धरता येई. जोडीदाराची वाट पाहत आहोत, अशी सूचना पडद्यावर सारखी उमटत होती. वीरभद्रांनी फळ्यांचे सांधे पाहिले, दोराच्या गाठी पाहिल्या, पाण्यावरचा उजेड जहाजाच्या पोटाशी कसा हलतो तेही पाहिलं. चल लवकर म्हणायला कुणी नव्हतं. धक्क्यावरून दिसत होता तेवढा माल अस्सल होता.

एक तास पन्नास मिनिटं झाली, शिडाची जागा रिकामीच होती, तेव्हा त्यांनी गेम परत केला. वेबसाइटनं त्यांचं मत विचारलं. सवयीनं 'न्हाई जमत' असं टाइप झालं. कोरड्या तुरीला त्यांनी कधी ओली म्हटलं नव्हतं, मग ती कुणाचीही असो. शब्द खोडून त्यांनी लिहिलं, 'माल चांगला आहे. घ्यावा.'

मत देणारा किती वेळ खेळला ते वेबसाइट आपणहून शेजारी छापते. तिनं छापलं, एक तास पन्नास मिनिटं.