शिळं पाणी

आमच्या शहरात नळाला पाणी येतं त्या दिवशी लोक आधी पाणी ओतून देतात. बाहेरून आलेल्याला हा वेडेपणा वाटतो. इतके दिवस जपून वापरलेलं पाणी नळ सुटला की एकदम शिळं होतं. पिंपं उपडी, माठ उपडा, बादल्या उपड्या, सगळं खसाखसा घासायचं आणि मग ताजं भरायचं. उस्मानपुऱ्यातल्या आमच्या घरात लग्न होऊन आल्यापासून मीही हेच करते. त्यामुळे थोरल्या जाऊबाई मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या, त्यानंतरच्या पहिल्याच पाण्याच्या दिवशी मी त्यांचा हौदही उपसला.

हौद अंगणातला, सिमेंटचा, मांडीइतका खोल. गच्चीवर प्लास्टिकच्या टाक्या आल्यापासून तो कोरडाच होता. जाऊबाईंनी त्यात वॉटर लिली लावली. जुन्या घमेल्यात काळी चिकण माती, मातीत कंद, वर बारीक खडी, आणि घमेलं तळाशी विटांवर ठेवलेलं. कडेला वेखंडाची कुंडी, निम्मी पाण्यात. डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे. येणारे-जाणारे त्याला कमळच म्हणत. कमळाची पानं पाण्याच्या वर उभी राहतात, हिची पाण्यावर पसरतात, हे जाऊबाईंनी मला एकदा समजावून सांगितलं होतं. मी ऐकून सोडून दिलं होतं.

उन्हाळ्यात शेजारीण फाटकातून डोकावून म्हणायची, “इथं माणसाला प्यायला नाय, अन् तुमचं कमळ बसलंय डुंबत.”

जाऊबाई मेथी निवडता निवडता, मान वर न करता उत्तर द्यायच्या, “तुमच्या गाडीला लागतं त्याच्यापेक्षा कमीच लागतं त्याला.”

संध्याकाळी त्या हौदाच्या कठड्यावर बसत. एक हात भाजीत आणि दुसरा पाण्यात, पानाखालच्या गोगलगाई काढायला. मी शाळेच्या ऑफिसातून घरी आले की चहा करून त्यांना नेऊन देई. “ताई, चहा,” एवढंच मी म्हणे. त्या कप घेत, मी माझा कप उभ्यानेच संपवी आणि आत जाई. वीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली, पण आम्ही काही मैत्रिणी नव्हतो. भांडणंही फार नव्हती. भाजी कोण करणार आणि पोळ्या कोण, हे ठरलेलं होतं, आणि ठरलेल्या गोष्टींवर बोलत बसायची आम्हा दोघींनाही आवड नव्हती.

तर मी हौद उपसला. मासे बादलीत काढले. भिंतींवरचं शेवाळ काथ्याने घासून काढलं, घमेलं बाहेर काढून नळाखाली धुतलं, पिवळी दिसली ती पानं कापली आणि पाइप लावून हौद काठोकाठ भरला. मासे परत सोडले. मग पुण्याला फोन केला.

“ताई, हौद काचेसारखा केलाय.”

 त्या म्हणाल्या, “सगळं पाणी काढलंस?”

“शिळं झालं होतं.”

“तेच तर पाहिजे असतं गं त्याला. नळाच्या पाण्यात ब्लीचिंगची पावडर असती. मासे कुठंयत?”

मासे हौदात होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पाण्यावर तरंगत होते. आठवड्याभरात पानंही सडून खाली बसली. घमेल्यात हात घातला तर आल्याच्या तुकड्यासारखा कंद हाताला लागला, तेवढाच. मी परत फोन केला. मला वाटलं होतं त्या रागावून बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

“दाबून बघ,” त्या म्हणाल्या. “मऊ असला तर टाकून दे. कडक असला तर जित्ता हाय.”

“कडक आहे.”

“मग लाव परत. फूल आलं की सांग, येते मी बघायला.”

तिथून आमचं नवीन वेळापत्रक सुरू झालं. आमच्या पाण्याच्या दिवशी त्यांचा फोन यायचा. पुढचं पाणी कधी, ते मी सांगून ठेवायचे. पाणी एक दिवस पुढे ढकललं गेलं तर मी निरोप द्यायचे आणि फोनही एक दिवस पुढे जायचा. पाणी लांबलं की मी आता फार चिडते, असं नवरा म्हणायला लागला. उन्हाळा आहे, चिडणारच, असं मी सांगितलं.

फोनवर आम्ही फक्त हौदाचं बोलायचो. हौदापाशी एक ड्रम ठेव, नळाचं पाणी त्यात दोन दिवस उघडं राहू दे, मग थोडं थोडं घाल. कंद आडवा लाव, कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे. हाडांच्या खताची कागदात पुडी बांध आणि मातीत खोल खुपस, पाण्यात भुकटी टाकशील तर सगळं हिरवं होईल. शेवटी त्या विचारायच्या, “आलं का गं?” मी म्हणायचे, “नाही.” मग त्या फोन ठेवायच्या. करमतं का, हे मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनीही मला विचारलं नाही. ऑफिसातून आल्यावर मी चहा हौदापाशी नेते, हेही सांगायचं राहिलं. आता मी बसून पिते.

पहिला उन्हाळा नुसत्या पानांत गेला. यंदा तळाशी कळी दिसली. ती रोज थोडी वर आली आणि एका सकाळी नऊच्या सुमाराला उघडली. गुलाबी, तळहाताएवढी. मी ऑफिसला निघाले होते. पर्स कठड्यावर ठेवून फोन हातात घेतला, आणि केला नाही.

मी कामं लांबणीवर टाकणारी बाई नाही. पण त्या सकाळी मला सरळ दिसलं, की सांगितलं तर एक तर त्या येतील नाहीतर येणार नाहीत. सांगेपर्यंत त्या येणार होत्या. दोन उन्हाळे त्या येणार होत्या.

फूल दुपारी मिटलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडलं, तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मिटून पाण्याखाली गेलं. त्याच दिवशी नळ यायचा होता. सकाळीच फोन वाजला.

“आलं का गं?”

“नाही.”

“व्हय का,” त्या म्हणाल्या. “मग भावजींनी घरच्या ग्रुपवर कुणाच्या हौदाचा फोटू टाकलाय?”

भावजी, म्हणजे माझा नवरा, पाण्याची मोटार सुरू करायला गेला होता.

“तीन दिवस झाले टाकून,” त्या म्हणाल्या. “खाली पाच जणांनी हात जोडलेत.”

“मग तुम्ही का नाही केला फोन?”

“काय करू करून? तू म्हणली असतीस, या. डॉक्टर गुडघ्याचं ऑपरेशन करा म्हणतोय. एवढा वेळ गाडीत बसणं आता होत नाय मला. तू सांगितलं नाहीस, तर मला बी नाय म्हणावं लागलं नाही.”

मी कठड्यावर बसले.

“हाय का अजून?”

“आज बुडालं.”

“ओढू नको त्याला. आपोआप गळतं.”

“माहीत आहे मला.”

“आता माहीत हाय म्हणं. खाली बघ, दुसरी कळी असंल.”

मी बाही वर करून हात घातला. पानांच्या देठांमधून चाचपत गेले. घमेल्याच्या कडेला गुळगुळीत काहीतरी लागलं.

“आहे. बोराएवढी.”

“मग ती उमलली की लगेच सांगू नको.”

“नाही सांगत.”

“अन् भावजींचा फोन लपवून ठेव.”

“ताई,” मी म्हटलं. मागे नळ सुटला होता. “पाणी आलं,” मी म्हटलं.

“जा, भर,” त्या म्हणाल्या.

मी पिंपं उपडी केली, माठ घासला, बादल्या भरल्या. हौदाजवळचा ड्रम तेवढा उपडा केला नाही. सगळं भरून झाल्यावर ड्रममधलं दोन तांबे पाणी हौदात घातलं, कळी होती त्या बाजूने.