सुतक कुणाचं धरलं?

निजामपुऱ्यातल्या भाड्याच्या एका खोलीत आमचं सगळं घर. बाबा कापडाच्या कारखान्यात लूमवर, कधी कधी सलग दोन शिफ्ट. ते रांगत असतानाच त्यांचे वडील गेले. आजी सासरी भांडून दोन पोरांसह माहेरी आली, आणि मामांच्या दारात बाबा 'भाचा' म्हणूनच मोठे झाले. मूळ गाव कुठलं, हे आजी मरेपर्यंत बोलली नाही, आणि सांगायला मामा-मामीही आता उरले नव्हते.

ताईला स्थळ आलं तेव्हा ते नडलं. मुलाच्या काकांनी कप खाली ठेवला. "मांडव कोण घालणार? भावकी कुठली तुमची?"

बाबांनी मामांचं नाव सांगितलं. "बघू, कळवतो," म्हणून पाहुणे उठले.

मी तेव्हा नुकतीच बी.कॉम. झाले होते, घरातली पहिली. म्हटलं, शोधते मी. आसपासच्या गावांत तलाठ्यांकडे गेले, शाळांत गेले. पण आजोबांच्या नावावर जमीन नव्हती आणि शाळा त्यांनी पाहिली नव्हती. कागद त्यांना कुठून ओळखणार?

मग बसने वज्रेश्वरीला गेले, आत्याकडे. बाबांची थोरली बहीण. वाल सोलत बसली होती.

"आत्या, आपलं गाव कुठलं गं?"

"मला ठाव न्हाय. कालेज तू शिकलीस, तूच सांग."

बराच वेळ तेच. शेवटी विचारलं, "आजीने माहेरी असताना कधी कुणाचं सुतक धरलं होतं?"

तिचे हात थांबले. "धरलं व्हतं की. मामाकडं सण, नि आय धा दिवस कोपऱ्यात. देवाला हात न्हाय लावला. मामी बोलली पन, तुजं कोन मेलंय? दिघाशीवरनं खबर आलेली."

परक्याचं सुतक कुणी धरत नाही. म्हणून सांगते, घराणं शोधायचं तर नुसती नावं विचारत बसू नका, ती विसरतात. सुतक कुणाचं धरलं, हळदीचं बोलावणं कुणाकडे जायचं, ते विचारा. आणि बायकांना विचारा. पाळायचं सगळं त्यांच्याच वाट्याला येतं.

बाबांना घेऊन दिघाशीला गेले. आमच्या आडनावाच्या घरी ओटीवर एक म्हातारे बसले होते. बाबांनी आपल्या वडिलांचं नाव सांगितलं.

"म्हंजे माज्या चुलत्याचा पोर तू. तुज्या आयने आमच्या आजीशी भांडून घर सोडलं. परत तोंड न्हाय दाखवलं."

मी सुतकाचं सांगितलं. त्यांची आजी त्याच सणाला गेली होती. हिशेब लागला तसा त्यांनी डोळ्यांना पंचा लावला. जिच्याशी भांडून आजी निघाली होती, त्याच सासूचं सुतक तिने एकटीने धरलं होतं.

त्यांनी आत हाक मारली. "नुसतं पानी काय आनता? जेवायला वाढा. आपला मानूस हाय."

जेवताना बाबांनी ताईचं स्थळ सांगितलं.

"मांडव कोन घालनार म्हनतात? आमी काय मेलो?"

मुलाच्या त्याच काकांना निरोप गेला, सुपारी फुटली. हळदीच्या आदल्या दिवशी दिघाशीहून टेम्पो आला, बांबू आणि माणसांनी भरलेला. कारखान्यातले लोक बाबांना विचारत होते, "ये सब कौन हैं?" बाबा प्रत्येकाला थांबून सांगत होते, "मेरे भाई."

ताईचा मांडव आमच्या भावकीने घातला.